दहा हजार पौंड आणि मनातली अढी : ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली लग्नं समजून घेताना

मेरिटन गावातला नाचाचा कार्यक्रम. बिंगली नावाचा तरुण जवळचा नेदरफील्ड वाडा भाड्याने घेऊन नुकताच राहायला आला आहे. तो आपल्या बहिणी, मेहुणा आणि एक मित्र यांना घेऊन आत येतो. मित्र उंच आहे, देखणा आहे. त्याने पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांच्या आत एक बातमी खोलीभर फिरते : वर्षाला दहा हजार पौंड उत्पन्न! अर्धी संध्याकाळ सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत राहतात. मग लक्षात येतं की हा कोणाशी बोलत नाही, बरोबर आलेल्या बायका सोडून कोणाबरोबर नाचत नाही. उरलेल्या अर्ध्या संध्याकाळी सगळ्यांचं एकमत होतं की माणूस शिष्ट आहे.

पुरुष कमी पडले म्हणून एलिझाबेथ बेनेटला त्या रात्री दोन नाच बसून काढावे लागले. ती बसली होती तिथेच जवळ बिंगलीचा तो मित्र, डार्सी, उभा होता. बिंगली त्याला म्हणाला, हिच्याबरोबर नाच की. डार्सीने वळून पाहिलं आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की ठीक आहे, पण मला भुरळ पडावी इतकी काही सुंदर नाही. एलिझाबेथने हा किस्सा मैत्रिणींना हसत हसत सांगितला. पण मनात अढी बसली ती बसलीच.

या कादंबरीला लोक प्रेमकथा म्हणतात आणि ती आहेच. मला मात्र ती सगळ्यात आधी माहितीच्या अभावाची गोष्ट वाटते. त्या खोलीत प्रत्येकाचं उत्पन्न पौंडापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. स्वभाव कोणाचाच कोणाला माहीत नाही. आणि या तुटपुंज्या माहितीवर मुलींना आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा आहे. हे एकदा लक्षात आलं की कादंबरीतलं प्रत्येक लग्न वेगळं दिसायला लागतं.

जेन ऑस्टिनने हे पुस्तक पहिल्यांदा लिहिलं ते १७९६-९७ मध्ये, वयाच्या विशी-एकविशीत. म्हणजे नायिकेच्याच वयाची असताना. तेव्हा त्याचं नाव होतं ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’, पहिल्या भेटीत बनलेली मतं. तिच्या वडिलांनी नोव्हेंबर १७९७ मध्ये लंडनच्या एका प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं, आणि त्याने हस्तलिखित न मागवताच नकार कळवला. पुढे बऱ्याच फेरफारांनंतर, नव्या नावाने, २८ जानेवारी १८१३ रोजी ते तीन खंडांत बाहेर आलं. लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर नव्हतं. हक्क विकून तिला ११० पौंड मिळाले. तिला १५० हवे होते.

हे आकडे मुद्दाम देतोय, कारण या पुस्तकात पैशाचा आकडा कधीच उगाच येत नाही.

बेनेट कुटुंबाचंच घ्या. लाँगबर्नची जमीन वर्षाला दोन हजार पौंड देते. घरात पाच मुली, मुलगा नाही. आणि ही मिळकत ‘एन्टेल’ केलेली आहे. एन्टेल म्हणजे घराण्यातल्या कोणा पूर्वजाने करून ठेवलेली कायदेशीर बांधणी : जमीन तुकडे न होता पुरुष वारसाकडेच जाईल, मधल्या मालकाने ती हयातभर उपभोगावी पण विकू नये, मुलीच्या नावे करू नये. म्हणजे मिस्टर बेनेट हे नावाला मालक, प्रत्यक्षात आयुष्यभराचे भोगवटादार. त्यांनी डोळे मिटले की घर, जमीन, सगळं जाणार कॉलिन्स नावाच्या एका दूरच्या चुलत नातेवाइकाकडे.

सगळ्या इंग्लंडात मुलींना जमीन मिळतच नव्हती असा यावरून समज होतो, तो चुकीचा आहे. याच कादंबरीतली लेडी कॅथरीन ही बडी जमीनदारीण एलिझाबेथला सांगते की आमच्या घराण्यात अशी बांधणी करायची गरज कोणाला वाटली नाही; तिची मुलगी मोठ्या मिळकतीची वारस आहे. तेव्हा हा नशिबाचा भाग होता : तुमच्या पणजोबाने कागदावर काय लिहून ठेवलं त्यावर तुमचं छप्पर.

मराठी वाचकाच्या मनात इथे लगेच येतं, की मग दत्तक का नाही घेतला? इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तकविधानच १९२६ पर्यंत नव्हतं. एखाद्या निपुत्रिक श्रीमंताने नातेवाइकाचा मुलगा आपलासा करून त्याला वारस नेमणं चालायचं. खुद्द ऑस्टिनचा भाऊ एडवर्ड असाच नाईट कुटुंबाचा वारस झाला आणि त्याने पुढे त्यांचं आडनाव लावलं. पण मालक मृत्युपत्र करायला मोकळा असेल तरच ते शक्य. बेनेटांचे हात बांधलेले होते. त्यांना सुटायचा एकच मार्ग होता : मुलगा व्हावा, तो वयात यावा आणि बापलेकांनी मिळून एन्टेल मोडावं. मुलगा होणारच या भरवशावर नवराबायकोने सुरुवातीची वर्षं काही शिल्लक टाकली नाही. पाच मुली झाल्या. मग शिल्लक टाकायला उशीर झाला होता.

मागे राहणार काय? लग्नाच्या वेळी बायको-मुलांच्या नावे बांधून ठेवलेले एकंदर पाच हजार पौंड. प्रत्येक मुलीच्या वाट्याला एक हजार, तेही आईच्या पश्चात. चार टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं चाळीस पौंड. सहा बायकांना मिळून दोनशे. आज दोन हजारांत चालणारं घर उद्या दोनशेंत चालवायचं. मिसेस बेनेट ही उथळ, मोठ्याने बोलणारी, चारचौघांत मुलींना लाज आणणारी बाई आहे, आणि वाचक तिला हसतात. मीही हसलो. पण मुली उजवल्या पाहिजेत म्हणून तिचा जीव टांगणीला लागला आहे, तो हिशेब त्या घरात तिच्याइतका कोणाला कळलेला नाही. तिचा बुद्धिमान नवरा लायब्ररीत पुस्तक उघडून बसला आहे.

लग्न झाल्यावरची गोष्टही सोपी नव्हती. इंग्रजी कायद्यात लग्नानंतर बायकोची स्वतंत्र कायदेशीर ओळखच नवऱ्यात विरून जायची. वेगळा करार केलेला नसेल तर तिचे रोख पैसे त्याचे होत. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. आणि १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोट हवा असेल, पुन्हा लग्न करता येईल असा, तर पार्लमेंटमध्ये खास विधेयक आणावं लागे. ते सामान्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणजे चुकीला माफी नव्हती. नवरा कसा निघाला हे लग्नानंतर कळणार आणि कळून उपयोग नाही.

मग कॉलिन्स येतो. पंचविशीतला पाद्री, लाँगबर्नचा भावी मालक. आपल्यामुळे या मुली उघड्यावर पडणार तर त्यांच्यातल्याच एकीशी लग्न करावं, असा त्याचा विचार. तसा भला विचार आहे, माणूस मात्र असह्य आहे. एलिझाबेथला मागणी घालताना तो लग्नाची कारणं क्रमवार सांगतो : पाद्र्याने गावापुढे आदर्श ठेवावा, आपल्या सुखात भर पडेल, आणि त्याची आश्रयदाती लेडी कॅथरीन हिने तसा सल्ला दिला. ती स्वच्छ नाही म्हणते. तो म्हणतो, चांगल्या घरच्या मुली पहिल्यांदा नाहीच म्हणतात. ती पुन्हा नाही म्हणते. त्याला तो लाडिकपणा वाटतो. या प्रसंगाला हसू येतं, पण त्याच्या तळाशी एक भयंकर गोष्ट आहे. मुलीच्या नकाराला शब्द म्हणून काही किंमतच उरलेली नाही, तो वडिलांच्या तोंडून आला तरच खरा.

तिच्या नकाराला तीन दिवसही झाले नाहीत, तोच कॉलिन्स शार्लट लुकसला मागणी घालतो आणि ती होकार देते. शार्लट एलिझाबेथची जिवलग मैत्रीण. वय २७, रूप बेताचं, पैसा नाही. तिच्या होकाराने तिच्या भावांना हायसं वाटतं, कारण बहीण घोडनवरी राहिली तर जन्मभर आपल्याला पोसावी लागेल ही धास्ती गेली. हे एका वाक्यात येऊन जातं, पण ते वाक्य वाचून मला दर वेळी पोटात खड्डा पडतो. शार्लट मैत्रिणीला शांतपणे सांगते की मी काही स्वप्नाळू नाही, मला एक सुखाचं घर हवं आहे, बस.

कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शार्लटचा राग आला होता. एलिझाबेथलाही येतो. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते ते प्रकरण मी थांबून थांबून वाचलं. शार्लटने स्वतःला बसायला मागच्या बाजूची खोली निवडली आहे. पुढची खोली जास्त मोठी आणि हवेशीर. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग उलगडतं : ती त्या छान खोलीत बसली असती तर नवरा सारखा तिथे येऊन बसला असता. शार्लट त्याला बागकामाला उत्तेजन देते, व्यायाम चांगला म्हणून. तो काही वेडगळ बोलला की ती बहुतेक वेळा शहाणपणाने ऐकलंच नाही असं दाखवते. ऑस्टिन तिला दोषही देत नाही आणि तिची आरतीही ओवाळत नाही. एका बाईने पूर्ण शुद्धीत केलेल्या सौद्याची किंमत ती खोलीच्या दिशेत मोजून दाखवते.

स्वतः ऑस्टिनसमोर असा प्रसंग आला होता. डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर या ओळखीच्या, मोठ्या मिळकतीच्या वारस तरुणाने तिला मागणी घातली. ती २७ वर्षांची व्हायला दोन आठवडे होते, शार्लटचंच वय. तिने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. १८०५ मध्ये वडील गेल्यावर ती, आई आणि बहीण भावांच्या मदतीवर राहिल्या. एडवर्डने दिलेल्या चॉटनच्या घरात ही कादंबरी पुन्हा हातात घेतली गेली. तेव्हा एलिझाबेथचा नकार आणि शार्लटचा होकार, दोन्हीची चव लेखिकेने घेतलेली होती.

आता त्या काळी मुलामुलींच्या ओळखी व्हायच्या कशा ते पाहू, कारण पहिल्या भेटीतल्या मताला एवढं महत्त्व का आलं ते त्यात आहे. आधी घरच्या पुरुषाने जाऊन नव्या शेजाऱ्याची भेट घ्यायची, म्हणून तर पहिल्याच प्रकरणात मिसेस बेनेट नवऱ्याच्या मागे लागली आहे. त्यानंतर नाच, जेवण, पत्त्यांचा डाव. नाचाला एका जोडीदाराबरोबर लागोपाठ दोन नाच. पुन्हा त्याच मुलीला विचारलं की लोकांच्या नजरेत आलंच. लग्न ठरलेलं नसेल तर मुलामुलीने एकमेकांना पत्रं लिहायची नाहीत. म्हणजे ओळख वाढवायला मिळणार फार तर काही तास, तेही सगळ्यांच्या देखत, दोघंही सणाच्या कपड्यांत. अशा ठिकाणी जो गोड बोलतो तो चांगला ठरतो आणि जो बुजतो तो गर्विष्ठ. दिसतं तसं नसतं हे तिथेही सगळ्यांना माहीत असणार, पण दिसतं त्यापलीकडे बघायला खिडकीच नाही.

एलिझाबेथची थोरली बहीण जेन याचीच बळी. तिचं बिंगलीवर मन बसलं आहे, पण ती शांत, हसतमुख, सगळ्यांशी सारखीच गोड वागणारी. शार्लट सुरुवातीलाच एलिझाबेथला बजावते की जेनने प्रेम जरा उघड दाखवावं, नाहीतर बिंगलीला कळायचंच नाही. एलिझाबेथ हे हसण्यावारी नेते. पुढे नेमकं तसंच होतं. जेनच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून हिचं प्रेमच नाही, असं डार्सी ठरवतो आणि मित्राला तिच्यापासून दूर नेतो. एलिझाबेथने डार्सीबद्दल केलेली चूक लोक लक्षात ठेवतात. डार्सीने जेनबद्दल केलेली चूक अगदी तीच आहे, हे निसटून जातं.

आणि विकहम. पलटणीतला देखणा अधिकारी. पहिल्याच मोठ्या भेटीत तो एलिझाबेथला सांगतो की डार्सीने आपलं कसं वाटोळं केलं. तिचा लगेच विश्वास बसतो, कारण ही गोष्ट तिच्या अढीशी जुळते. जो आपल्याला आवडत नाही त्याच्याविरुद्धचा पुरावा आपण तपासून घेत नाही.

डार्सी तिला मागणी घालतो तोपर्यंत कादंबरी निम्मी झालेली असते. प्रेम आहे असं सांगतो, पण त्याहून जास्त वेळ तुझं घराणं माझ्या तोलाचं नाही हे सांगण्यात घालवतो. तीन हजारांच्या, पाच हजारांच्या स्थळाला नाही म्हणायला जिथे मुली धजत नाहीत, तिथे ती दहा हजारांना नाही म्हणते. वर सांगते की तू जरा सभ्य माणसासारखा वागला असतास तर नकार देताना मला वाईट तरी वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला वाटेत गाठून हातात एक पत्र देतो आणि निघून जातो. हातातच द्यावं लागतं. टपालाने पाठवलं असतं तर तिची अब्रू गेली असती. दोन कागद, बारीक अक्षरात गच्च भरलेले, पाकीटसुद्धा लिहिलेलं. इथून पुढची काही पानं मला पुस्तकातली सगळ्यात मोलाची वाटतात, आणि त्यात घडतं इतकंच की एक मुलगी पत्र वाचते. पहिल्यांदा ती इतक्या घाईने वाचते की पुढच्या वाक्यात काय असेल या उत्सुकतेत हातातल्या वाक्याचा अर्थ लागत नाही. खोटं आहे म्हणून घडी घालून ठेवते, पुन्हा कधी उघडणार नाही म्हणून. अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. आता ती विकहमबद्दलचा मजकूर एकेक वाक्य तोलत वाचते. पत्र म्हणतं की डार्सीच्या वडिलांनी त्याच्यासाठी योजलेल्या पाद्र्याच्या जागेऐवजी त्याने तीन हजार पौंड घेतले, ते उडवले, आणि पुढे डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, तिच्या तीस हजारांवर डोळा ठेवून, पळवून न्यायचा घाट घातला.

मग ती आठवायला लागते. विकहमचा चांगुलपणा दाखवणारी एखादी तरी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे का? नाही. आहे तो फक्त चेहरा, आवाज आणि बोलण्याची ढब. अनोळखी मुलीला पहिल्याच बैठकीत त्याने घरचं गाऱ्हाणं सांगितलं, हे तेव्हा का खटकलं नाही? डार्सीला मी घाबरत नाही म्हणाला आणि नेदरफील्डच्या नाचाला आलाच नाही. डार्सीची माणसं गावातून गेल्यावर तीच गोष्ट त्याने गावभर केली. यातली एकही माहिती नवी नाही. सगळी तिच्याकडे आधीपासून होती. एकाने आपल्याकडे लक्ष दिलं म्हणून तो आवडला, एकाने दुर्लक्ष केलं म्हणून तो नावडला, आणि या दोन गोष्टींना आपण पारख समजत होतो, हे त्या वाटेवर दोन तास फिरताना तिला उमगतं. आजवर मी स्वतःलाच ओळखत नव्हते, असं ती म्हणते.

लोक म्हणतात, डार्सीचा पेम्बर्लीचा वाडा पाहून तिचं मत बदललं. मला हे पटत नाही, कारण तिथे तिला दगड-मातीपेक्षा मोठी गोष्ट मिळते : साक्षीदार. घरकारभार पाहणारी मिसेस रेनल्ड्स डार्सीला तो चार वर्षांचा असल्यापासून ओळखते, आणि त्याने आपल्याला कधी वेडंवाकडं बोललेलं आठवत नाही असं सांगते. नाचाच्या खोलीत माणूस बरोबरीच्यांसमोर असतो. घरातल्या नोकरमाणसांशी तो कसा वागतो हे त्या खोलीत कधीच दिसलं नसतं. मग तो स्वतः समोर येतो, आणि ज्यांच्या व्यापारी धंद्याला त्याच्या वर्तुळात नाक मुरडतात त्या तिच्या मामा-मामींशी अदबीने बोलतो.

सगळ्यात धाकटी बहीण लिडिया विकहमबरोबर पळून जाते तेव्हा सगळे आकडे पुन्हा वर येतात. त्याचं हजार पौंडांवरचं कर्ज, तिच्या नावे आणखी हजार, सैन्यातली जागा, असं सगळं भरून डार्सी ते लग्न लावून देतो आणि कोणाला कळू नये अशी अट घालतो. ज्या समाजात उत्पन्नाची बातमी पाच मिनिटांत फिरते, तिथे खर्चाची बातमी त्याने दडवली.

शेवटी एलिझाबेथ होकार देते आणि वडील तिला लायब्ररीत बोलावतात. याच खोलीत त्यांनी कॉलिन्सचं स्थळ एका विनोदात उडवून लावलं होतं. आज ते विनोद करत नाहीत. त्यांनी तरुणपणी एका सुंदर, हसऱ्या चेहऱ्याला भुलून लग्न केलं आणि थोड्याच दिवसांत बायकोबद्दलचा आदर कायमचा गमावला. ते मुलीला म्हणतात की तो श्रीमंत आहे, तुला उंची कपडे आणि गाड्या मिळतील, पण जोडीदाराबद्दल आदर वाटत नाही अशा संसारात तुला पाहायची वेळ माझ्यावर आणू नकोस. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. डार्सी शिष्ट आहे हे या घरात सगळ्यात जास्त वेळा, सगळ्यात चटकदार शब्दांत तिनेच सांगितलेलं असतं, आणि आता आपण जरा कमी बोललो असतो तर बरं झालं असतं असं तिला मनापासून वाटतं. मग ती तिथे उभं राहून, एका वर्षात आपलं मत टप्प्याटप्प्याने कसं बदलत गेलं ते वडिलांना पहिल्यापासून सांगायला लागते.